वाऱ्यात कोकॅनी धरायचे तर ट्रोलिंगचा स्पीड कसा सांभाळायचा

कोकॅनी या तळ्यातल्या साल्मनच्या ट्रोलिंगमध्ये, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासे धरण्यात, नवीन माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की स्पीड किती ठेवायचा, मग कोणीतरी जुना भिडू सांगतो ताशी १.२ मैल, आणि तो आकडा डोक्यात फिट्ट बसतो. बिनवाऱ्याच्या सकाळी तो चालतोसुद्धा. पण दहा-साडेदहाला वारा उठतो, स्क्रीनवर अजून १.२ च दिसतंय, रॉड मात्र गप्प, आणि बोटीवरची मंडळी "मासे बंद झाले" म्हणून डबे उघडतात. मासे बंद वगैरे काही झालेले नसतात हो, बऱ्याचदा खाली तुमचा डॉजर, म्हणजे आमिषाच्या पुढे डोलणारा चकचकीत पत्रा, बंद पडलेला असतो.

सॅक्रामेंटो, बे एरिया, सिॲटल, बॉयझी इकडे राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींनी नुकतीच एखादी सेकंडहँड ॲल्युमिनियमची बोट घेतलीय किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं बहुतेक कॅलिफोर्नियाच्या तळ्यांची येतील, स्टॅम्पीड, डॉनर, टाहो, कारण माझं जाणंयेणं तिकडेच. पण वारा सगळीकडे सारखाच वागतो, वॉशिंग्टनचं चेलान असो, आयडाहोचं पॉन्डरे (Pend Oreille) असो नाहीतर यूटा-वायोमिंगच्या सीमेवरचं फ्लेमिंग गॉर्ज.

मासा आधी समजून घ्या

कोकॅनी म्हणजे समुद्रात न जाणारा सॉकाय साल्मन. सगळं आयुष्य गोड्या पाण्यात, बहुतेक तीन-चार वर्षांचं, शेवटच्या वर्षी उन्हाळा संपता संपता लाल पडायला लागतो, ओढ्यात जाऊन अंडी घालतो आणि मरतो. टाहोला ऑक्टोबरात टेलर क्रीकवर लोक हेच बघायला गर्दी करतात. आकाराने काही फार मोठा नाही, दहा ते सोळा इंच म्हणजे नेहमीचा, अठरा इंची आला की बोटीवर आरडाओरडा. अपवाद असतातच, ओरेगॉनच्या वॅलोवा लेकमधून २०१० साली साडेनऊ पौंडांच्या वरचा निघाला होता, पण तसल्या आशेवर कोणी बोट विकत घेऊ नये.

आपल्या कामाचा मुद्दा म्हणजे हा मासा प्लँक्टन खातो. डॅफ्नियासारखे बारीक जीव गाळून गाळून खाणारा प्राणी, ट्राउट किंवा बाससारखा छोट्या माशांच्या मागे धावणारा नाही. मग आपल्या गुलाबी प्लास्टिकच्या हूचीला, म्हणजे झालरीसारख्या नकली आमिषाला, तो तोंड का लावतो? भुकेने नाही, चिडून. काहीतरी चमकतंय, डोलतंय, आपल्या थव्यात घुसतंय, म्हणून तो चावा घेतो. म्हणून आमिष कसं हलतंय याला इतकं महत्त्व. आणि ते कसं हलेल हे ठरवतो स्पीड.

दुसरं, पाण्याचं तापमान. साधारण ५० ते ५५ डिग्री फॅरनहाइट, म्हणजे १० ते १३ सेल्सियसचा पट्टा त्याला आवडतो. वसंतात तो पट्टा वरच असतो, पंधरा-वीस फुटांवर मासे मिळतात, जुलै-ऑगस्टमध्ये तोच पट्टा साठ-ऐंशी फूट खाली जातो. मग डाउनरिगर लागतोच, म्हणजे केबलला लावलेला शिशाचा गोळा, जो तुमची लाइन त्या खोलीवर धरून ठेवतो.

पायरी १ : घरीच करायची तयारी

लायसन्स, बोटर कार्ड (बोट चालवायच्या सुरक्षेचं कार्ड) ही कामं आधी. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून इंजिनाची बोट चालवणाऱ्या सगळ्यांना, वय काहीही असो, बोटर कार्ड लागतं. दोन रॉड लावायचे असतील तर सेकंड रॉडचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. टाहोला आणि आसपासच्या बऱ्याच तळ्यांना बोट पाण्यात सोडायच्या आधी तिला उपद्रवी शिंपले चिकटून आलेत का याची तपासणी होते, तिचे नियम हल्ली सारखे बदलतायत, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात त्या तळ्याचे नियम बघूनच निघा, रॅम्पवरून, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावरून, परत फिरणं फार जिवावर येतं.

आता सामान. कोकॅनीचा सेट म्हणजे पुढे डॉजर, चकचकीत वाकवलेला पत्रा, चार ते सहा इंचाचा. त्याच्या मागे लीडर, म्हणजे डॉजरपासून आमिषापर्यंतची दोरी, आणि लीडरच्या टोकाला हूची किंवा स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष), दोन छोटे गळ, प्रत्येक गळाला पांढऱ्या शूपेग मक्याचा एक दाणा. एकच. नवीन माणूस तीन तीन दाणे ओवतो, मग ते सगळं गठ्ठ्यासारखं गरागरा फिरतं आणि लीडरला पीळ पडतो. मक्याला लसूण, ट्यूना, क्रिल, बडीशेपेसारख्या वासाचं ॲनिस असं काय काय लावतात, प्रत्येकाचं आपलं गुपित असतं आणि प्रत्येकाचं चालतं. मका सगळ्या राज्यांत, सगळ्या पाण्यात चालतोच असं नाही, तेवढं तपासून घ्या.

लीडरची लांबी ही स्पीडचीच बहीण आहे, हे कोणी सांगत नाही. हूचीला स्वतःची काहीच हालचाल नसते, तिला झटके देतो डॉजर. म्हणून लीडर आखूड लागतो, डॉजरच्या लांबीच्या साधारण दुप्पट, म्हणजे आठ ते चौदा इंचात कुठेतरी. लांब केलात तर डॉजरचा झटका वाटेतच विरतो आणि हूची सरळ रेषेत ओढली जाते, मेल्यासारखी. स्पिनरचं पातं मात्र आपलं आपण फिरतं, त्याला लांब लीडर चालतो, दोन फूटसुद्धा. वाऱ्याचा दिवस असणार हे अंदाजात दिसत असेल तर मी दोन्ही प्रकार आधीच बांधून नेतो, कारण वाऱ्यात हलणाऱ्या बोटीत बारीक गाठी मारणं म्हणजे डोळ्यांची आणि डोक्याची परीक्षा.

डॉजरबद्दल अजून एक. प्रत्येक डॉजरचा एक स्पीडचा पट्टा असतो. जास्त वाकवलेला डॉजर हळू स्पीडलाही डोलतो पण वेग वाढला की गिरक्या घ्यायला लागतो, सपाट डॉजरला हलायला वेग लागतो पण तो जास्त वेग सहन करतो. स्लिंग ब्लेडसारखे लांबट, पातळ डॉजर बराच मोठा पट्टा झेलतात, म्हणून वाऱ्याच्या दिवशी नवीन माणसाने तेच लावावेत असं माझं मत. स्पिनरच्या पात्यांचंही तसंच, गोलसर कोलोरॅडो पातं अगदी हळू फिरतं, विलोच्या पानासारखं निमुळतं पातं फिरायला वेग मागतं.

रॉड मऊ पाहिजे. सात ते नऊ फुटांचा, टोक लवचिक. कोकॅनीचं तोंड इतकं नाजूक असतं की कडक रॉडने ते फाटून गळ निघतो, आणि लाटांमध्ये बोट वरखाली होते तेव्हा तर तो मऊपणाच तुमचा मासा वाचवतो.

पायरी २ : सकाळच्या शांत पाण्यात माप घ्या

वाऱ्यातल्या स्पीडची खरी तयारी वारा नसताना होते, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

उजाडताना पाण्यावर जा. बोट ताशी एक मैलाला लावा आणि पहिला सेट खाली न सोडता बोटीच्या बाजूला दोन फूट पाण्यात ओढत बघा. डॉजरने डावीकडे-उजवीकडे मान डोलवायची आहे, गिरकी घ्यायची नाही. हळू असेल तर तो नुसता आळसात सरकतो, वेग वाढवत नेला की एका क्षणी छान लयीत डोलायला लागतो, अजून वाढवला की आख्खा गोल फिरतो. ते दोन आकडे बघून ठेवा, डोलणं कुठे सुरू झालं आणि गिरकी कुठे सुरू झाली. उदाहरणार्थ ०.९ ला सुरू आणि १.७ ला गिरकी. म्हणजे या डॉजरचा पट्टा तुमच्या हातात आला. मागे हूची कशी झटके खाते तेही बघा, इथे मजा येते, पोरं बरोबर असतील तर त्यांना दाखवा.

मग सेट सोडा. वसंतात मासे वर असतात आणि बोटीला बिचकतात, म्हणून लाइन डाउनरिगरच्या क्लिपला (मासा लागला की ही सुटते) अडकवायच्या आधी साठ-शंभर फूट मागे सोडायची. उन्हाळ्यात खोल असाल तर वीस-चाळीस फूट पुरे. गोळा उदाहरणार्थ पन्नास फुटांवर न्या. आता रॉडच्या टोकाकडे बघा, डॉजर नीट डोलत असेल तर टोक एका ठेक्यात टुक टुक टुक करत राहतं. हा ठेका डोळ्यात बसवा, दिवसभर हाच तुमचा खरा स्पीडोमीटर आहे.

आणि शेवटचं माप, सगळ्यात महत्त्वाचं, केबलचा कोन. बोट चालू असताना डाउनरिगरची केबल सरळ खाली जात नाही, मागे कलते. गोळा दहा पौंडांचा, खोली पन्नास फूट, स्पीड १.३, तर ती किती कललीय ते बघा. फोनमध्ये कोन मोजायचं ॲप असतं. पण त्याहून सोपं, केबल पाण्यात जिथे शिरते त्याच्या समोर बोटीच्या काठावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून टाका. झालं. त्या पट्टीची किंमत दुपारी कळते.

वारा सुटल्यावर स्क्रीनवरचा आकडा का फसवतो

जीपीएस सांगतं बोट जमिनीच्या हिशोबाने किती वेगाने सरकतेय. तुमच्या डॉजरला जमिनीशी काही देणंघेणं नाही, त्याला त्याच्या भोवतीच्या पाण्याशी मतलब. एअरपोर्टवरच्या सरकत्या पट्ट्यावर चालताना जसं होतं, तुमचे पाय नेहमीसारखेच पडतायत पण बाहेरच्याला तुम्ही भलत्याच वेगाने जाताना दिसता, आणि उलट्या दिशेने चाललात तर घाम काढूनही जागच्या जागी.

तळ्यात नदीसारखा प्रवाह नाही असं वाटतं, पण वारा वरचं पाणी आपल्याबरोबर ढकलत नेतो, वाऱ्याच्या वेगाच्या साधारण दोन-तीन टक्के. ताशी १५ मैलांचा वारा असेल तर वरचं पाणी ताशी ०.३ ते ०.४५ मैलांनी सरकतंय. ऐकायला काहीच नाही. पण आपला सगळा खेळच ०.९ ते १.७ च्या मधला आहे. स्क्रीनवर १.३ ठेवून वाऱ्याबरोबर चाललात तर वरच्या थरातला डॉजर प्रत्यक्षात ०.९-१ ने चाललाय, जेमतेम डोलतोय. तसाच वळून वाऱ्याच्या तोंडावर १.३ ने आलात तर तोच डॉजर १.६-१.७ ने ओढला जातोय, गिरकीच्या काठावर. आकडा तोच, पण खाली दोन वेगळीच गाणी.

यात अजून एक गंमत आहे. वारा तासन्तास एकाच बाजूने वाहत राहिला तर वरचं पाणी पलीकडच्या काठाला जमा होतं, आणि त्याची भरपाई म्हणून खालून उलट्या दिशेने हलकासा प्रवाह चालू होतो. म्हणजे वसंतात पंधरा फुटांवर ट्रोल करणाऱ्याला वाऱ्याबरोबर जाताना आकडा वाढवावा लागतो, तर ऑगस्टमध्ये खोल गोळा सोडलेल्याला कदाचित कमी करावा लागेल. "वाऱ्याबरोबर जाताना अमुक करा" असा सरसकट नियम म्हणूनच देता येत नाही. जे देतात ते बहुधा एकाच मोसमात मासेमारी करत असणार.

तापमानाचा पट्टाही याच कारणाने तिरका होतो. गरम पाणी ज्या काठाला साचलं तिकडे थंड पट्टा खाली दबतो, आणि वारा जिकडून येतोय त्या टोकाला तो वर उचलला जातो. मासे पट्ट्याबरोबर जातात. त्यामुळे सकाळी पन्नास फुटांवर मासे होते आणि दुपारी स्क्रीनवर त्याच खोलीला रिकामं दिसतंय तर स्पीडशी झटापट करायच्या आधी खोली वरखाली करून बघा.

पायरी ३ : कोन आणि ठेका जुळवा, आकडा नाही

वारा आला. आता काय करायचं? गोळा सकाळच्याच खोलीवर असू दे, वजन तेच, खोली तीच, नाहीतर तुलना फसते. स्क्रीनकडे न बघता केबलकडे बघा. ती सकाळच्या चिकटपट्टीच्या मागे गेली असेल तर खाली पाण्यातला वेग जास्त झालाय, थ्रॉटल कमी करा. पट्टीच्या पुढे, म्हणजे जास्त उभी झाली असेल तर वेग कमी पडतोय, वाढवा. लाटांमुळे केबल पुढेमागे झुलणारच, म्हणून एका क्षणावर जाऊ नका, आठ-दहा लाटा बघून मधला अंदाज घ्या. मग स्क्रीनवर काय आकडा आहे तो बघा आणि त्या दिशेसाठी तोच धरा. वळलात की पुन्हा जुळवायचं. वाऱ्याबरोबर जाताना कदाचित १.६ निघेल आणि विरुद्ध येताना १.०. पहिल्यांदा हे बघून विश्वास बसत नाही.

केबल वर आणि खाली दोन्ही थरांतून जाते, त्यामुळे कोनात दोन्हींची सरमिसळ असते हे खरं, पण गोळ्याचा आणि खालच्या केबलचा वाटा त्यात मोठा असल्यामुळे कामापुरतं भागतं. रॉडच्या टोकाचा ठेका त्याच्यावर ताडून बघायचा. ठेका विस्कळीत झाला, मधेच थांबतोय, मधेच जोरात, तर डॉजर लाटांमुळे चालू-बंद होतोय. अशा वेळी लाइन अजून पंधरा-वीस फूट मागे सोडा, लांब लाइन थोडी ताणते आणि बोटीचा हिसका डॉजरपर्यंत पोचता पोचता मऊ होतो. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते फिश हॉकसारखा सेन्सर गोळ्याजवळ लावतात, तो खालचा वेग आणि तापमान दोन्ही थेट सांगतो. छान वस्तू आहे, पण पहिल्या वर्षी नको, आधी डोळा तयार होऊ दे.

कोन वाढला की खोलीही कमी होते हे लक्षात असू द्या. ऐंशी फूट केबल सोडलीय आणि ती तीस अंश कललीय तर गोळा ढोबळ हिशोबाने सत्तर फुटांवरच आहे. माशांच्या डोक्यावरून दहा फूट वर तुम्ही फिरताय. खोल ट्रोलिंगला म्हणूनच बारा पौंडांचा गोळा बरा पडतो.

पायरी ४ : दिशा ठरवा

नवीन माणसाने वाऱ्याच्या दिवशी वाऱ्याबरोबरच ट्रोल करावं. बोट सरळ चालते, मोटरवर ताण येत नाही, स्पीड धरून ठेवणं सोपं. टोकाला पोचलात की सगळं वर घ्या, इंजिन चालू करून परत वारा येतोय त्या टोकाला या, पुन्हा सोडा. कंटाळवाणं आहे, कबूल, पण वाऱ्याविरुद्ध इलेक्ट्रिक मोटरची बॅटरी जाळत तासभर झगडण्यापेक्षा बरं.

अगदी नाकासमोर वाऱ्याबरोबर जाण्यापेक्षा तीस-चाळीस अंश तिरकं जाणं मला जास्त आवडतं, बोट लाटेवरून घसरून एकदम पुढे उडी मारते ना, ती कमी होते. पण लाटा थेट बाजूवर मात्र घेऊ नका. बोट डोलायला लागते, डाउनरिगरचा हात वरखाली होतो, आमिष पाच पाच फूट उचललं जातं, क्लिप आपोआप सुटतात, आणि कोणाच्या तरी पोटात ढवळायला लागतं.

आणि सकाळी बोट सोडतानाच विचार करा की दुपारी वारा कुठून येणार. सिएराच्या तळ्यांवर उन्हाळ्यात दुपारी नैऋत्य-पश्चिमेचा वारा हा जवळजवळ ठरलेला पाहुणा. सकाळी शांत असताना वारा जिकडून येणार त्या टोकाला जा आणि वारा आल्यावर रॅम्पच्या दिशेने ट्रोल करत या. उलटं केलंत तर दिवसभराच्या थकव्यानंतर छोट्या मोटरवर लाटा फोडत परतायचं.

पायरी ५ : बोटीला लगाम

खरा त्रास इथे असतो. वारा ताशी पंधराच्या पुढे गेला की हलकी बोट मोटर बंद असतानाही ताशी दीड-दोन मैलांनी वाहत जाते. आता हळू कसं व्हायचं? इलेक्ट्रिक मोटर पुढे ढकलायला बनलेली आहे.

सगळ्यात फुकटचा उपाय, छत खाली करा. बिमिनी टॉप म्हणजे शीडच आहे ते. ऊन लागेल, टोपी घाला. नुसतं छत मिटल्यावर स्पीड लगेच उतरलेला दिसतो.

मग ड्रिफ्ट सॉक किंवा ट्रोलिंग बॅग, कापडी नरसाळं, पाण्यात फुगतं आणि बोटीला मागे ओढतं. दोन छोट्या बॅगा, दोन्ही बाजूंना, बोटीच्या मधल्या किंवा पुढच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधायच्या. दोर इतका आखूड ठेवा की बॅग कुठल्याही परिस्थितीत मागच्या प्रॉपेलरपर्यंत पोचणार नाही, हे बोट उभी असतानाच मोजून घ्या. एकच बॅग असेल तर वारा येतोय त्या बाजूला नको, बोट वाकडी चालते, पुढच्या टोकाला मध्यावर बांधा. मागच्या बाजूला तर बॅग कधीच बांधू नका, लाट मागून येत असते आणि बोटीचं बूड तिच्यासमोर धरून ठेवणं म्हणजे आत पाणी घेण्याचं निमंत्रण. बॅगेच्या निमुळत्या टोकाला वेगळी बारीक दोरी बांधली असेल तर तीच ओढून बॅग रिकामी वर येते, नाहीतर पाण्याने भरलेली बॅग उचलताना कंबर धरते. पाच गॅलनच्या बादलीला भोकं पाडून तीच लटकवणारे लोकही आहेत, दिसायला भंगार पण चालतं.

बॅगेचा खरा फायदा नुसता हळू होणं हा नाही. बॅग ओढत असली की मोटरला सतत थोडं काम करावं लागतं, आणि काम करणारी मोटर स्टिअरिंग देते. वाऱ्याने ढकललेल्या बोटीत मोटर बंद ठेवलीत तर नाक कुठेही फिरतं.

जीपीएसवाल्या इलेक्ट्रिक मोटरमध्ये क्रूझ मोड असतो, स्पीड सांगा आणि तो धरून ठेवतो. शांत पाण्यात उत्तम. झुळकांच्या वाऱ्यात मात्र तो सारखा जोर वाढव-कमी कर करत बसतो, आणि तो झटका खाली डॉजरला जातो. मी अशा वेळी क्रूझ बंद करतो, दिशा पकडायचा मोड तेवढा ठेवतो आणि जोर हाताने एका आकड्यावर लावतो. स्पीड थोडा वरखाली होतो, होऊ दे. पुढे बसवलेल्या मोटरचा पंखा लाटेत पाण्याबाहेर येऊन फर्र आवाज करत असेल तर दांडा अजून खाली सोडा.

पायरी ६ : वळणांकडून शिका

सरळ रेषेत ट्रोल करणारा माणूस अर्धी माहिती वाया घालवतो. सावकाश नागमोडी चाला. वळताना आतल्या बाजूचा रॉड हळू होतो, बाहेरच्या बाजूचा जोरात. मासा आतल्या रॉडला लागला तर मासे सांगतायत हळू व्हा, बाहेरच्याला लागला तर वाढवा. एका माशावरून मत बनवू नका, दोन-तीनदा तसंच झालं की मात्र ०.१ ने बदल करा. एकदम ०.४ ने उडी मारू नका, ०.१ मध्येसुद्धा चित्र बदलतं.

वाऱ्यात वळण मोठं घ्या. वाऱ्याच्या तोंडाकडे वळताना बोट मधेच थबकते, लाइनी ढिल्या पडतात, दोन सेट एकमेकांत गुंततात आणि मग पुढची वीस मिनिटं कात्री हातात. म्हणून वळणात शिरायच्या आधी थोडा जोर वाढवा आणि दोन रॉडची लाइन वेगवेगळ्या अंतरावर ठेवा, एक तीस फूट मागे, दुसरी पन्नास.

सुरुवात कुठून करायची यासाठी माझा अंदाज असा: वसंतातल्या गार पाण्यात ०.९ ते १.२, उन्हाळ्यात १.२ ते १.६, आणि मोसमाच्या शेवटी नर लाल पडायला लागले, चिडके झाले की १.८ पर्यंत. हे सगळे पाण्यातले वेग, स्क्रीनवरचे नव्हेत. हलक्या लाटा असतील तर खरं म्हणजे नशीब समजा, आरशासारख्या पाण्यापेक्षा थोडी हलणारी बोट आमिषाला अधूनमधून झटका देते आणि मागे मागे येणारा मासा त्याच झटक्याला चावतो.

पायरी ७ : मासा लागला की

रॉडचं टोक दोनदा थरथरलं आणि क्लिप सुटली. जोरात हिसका देऊ नका. रॉड हातात घ्या, ढिली लाइन गुंडाळा, इतकंच. बोट थांबवायची नाही, थांबवलीत तर लाइन ढिली पडते आणि वारा बोटीला माशाच्या अंगावर नेतो. वेग थोडा कमी करा, चालू ठेवा. लाट बोटीला वर उचलते तेव्हा रॉड थोडा पुढे द्या, खाली येते तेव्हा गुंडाळा. जाळं पाण्यात आधीच बुडवून ठेवा आणि मासा त्यावर आणा, जाळं माशावर मारू नका. कोकॅनी शेवटच्या दोन फुटांत वेड्यासारखा गरागरा फिरतो, आणि जे सुटतात ते बहुतेक तिथेच सुटतात.

कधी आवरायचं

पाण्यावर तुरळक पांढरे तुरे दिसायला लागले म्हणजे वारा ताशी ८-१२ मैल. सगळीकडे तुरे, तर १३-१८. चौदा-सोळा फुटांच्या बोटीने तिथेच आवरतं घ्यावं, हातात कितीही जमलेला स्पीड असो. टाहोसाठी हवामान खातं लेक विंड ॲडव्हायजरी काढतं, ती असेल त्या दिवशी बोट घरी. पाणी थंड असतं, बुडण्याआधी माणूस थंडीने गारठून हातपाय हलवू शकत नाही, म्हणून लाइफ जॅकेट सीटखाली नको, अंगात. इंजिनाच्या किल-स्विचची (चालक पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी जोरात जाताना लावणं २६ फुटांखालच्या बोटींना १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने सक्तीचं आहे, ट्रोलिंगच्या स्पीडला नाही, पण वाऱ्यात एकटे असाल तर तेव्हाही लावा.

धरलेल्या माशांचं एक राहिलं. कोकॅनीचं मांस फार लवकर मऊ पडतं, त्यामुळे वाऱ्यात कितीही धावपळ असली तरी धरल्या धरल्या कल्ला कापून रक्त काढा आणि बर्फ-पाण्याच्या कूलरमध्ये टाका, नुसत्या बादलीत नाही. घरी आणल्यावर पोट अगदी पातळ असतं, सुरीचं टोक खोल घालू नका. मांस नारिंगी आणि अंगचं तेल असलेलं, म्हणून रवा लावून तव्यावर टाकताना तेल निम्मंच घ्या आणि आगळ असेल तर तिखट-मिठाबरोबर आधी थोडं चोळून ठेवा.